वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले ज्यू व्यापारी, विलायती माल आणि कापसाची हुंडी

अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) खानदेशच्या कापसाला जी तेजी आली, तिच्यावर गेल्या अंकात लेख होता. युद्धाआधी अमेरिकेच्या दक्षिणेत कापड देऊन कापूस घेणारे बरेच दुकानदार जर्मन मुलखातून आलेले ज्यू होते, असा त्यात ओझरता उल्लेख होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंकच त्या प्रश्नांना द्यावा असं ठरलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : हे लोक आयातदार होते की कापसाचे निर्यातदार? दोन्ही धंदे एकाच घरात कसे चालायचे? एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजावून सांगावा. (जिनिंग व्यावसायिक, जळगाव)

उत्तर : आयात वेगळी आणि निर्यात वेगळी असं धरलं तर हा व्यापार उलगडतच नाही. न्यूयॉर्कला उतरणाऱ्या विलायती कापडाचे पैसे दक्षिणेतल्या कापसातून फिटत होते.

लेहमन बंधूंची पेढी घ्या. हेन्री लेहमन बव्हेरियातल्या रिम्पार गावचा. तो 1844 मध्ये अमेरिकेत आला आणि अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरीला त्याने दुकान टाकलं. 1847 मध्ये इमॅन्युएल आणि 1850 मध्ये मायर हे धाकटे भाऊ येऊन मिळाले. गिऱ्हाईक कापूस पिकवणारं. त्याच्या हातात रोकड फक्त हंगामात. म्हणून कापड, साखर, अवजारं वर्षभर खात्यावर जात आणि कापूस निघाला की उधारी गाठींनी चुकती होई. आपल्याकडे सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचा, हिशोब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो, तसा तिकडे कापूस विकून झाल्यावर, नव्या वर्षाच्या सुमारास होई. काही वर्षांत दुकानाचा गल्ला मागे पडला आणि कापसाचा व्यवहार मोठा झाला.

आता गाठीबरोबर पुढे जाऊ. मॉन्टगोमेरीहून नदीतल्या आगबोटीने गाठी मोबील बंदरात येत. तिथे गाठीतून नमुना ओढून प्रत ठरवली जाई. निर्यातदार माल घेई आणि लिव्हरपूलच्या पेढीवर पौंडांत हुंडी, म्हणजे ठरल्या मुदतीला पैसे द्यायचा लेखी आदेश, काढी. बहुधा ती दाखवल्यापासून 60 दिवसांनी पैसे देण्याची असे आणि तिला जहाजाची बिल्टी (माल चढवल्याची पावती) व विम्याचा कागद जोडलेला असे. ही हुंडी न्यूयॉर्कला विकायला जाई. ती घेणार कोण? ज्याला मँचेस्टरच्या कापडाचं, लीड्सच्या लोकरी मालाचं किंवा बर्मिंगहॅमच्या लोखंडी सामानाचं देणं आहे असा आयातदार. तो डॉलर मोजून हुंडी घेई आणि टपालाने विलायतेतल्या आपल्या विक्रेत्याकडे पाठवून देई. मोबीलच्या माणसाला डॉलर मिळत, मँचेस्टरच्या माणसाला पौंड मिळत, आणि सोन्याच्या पेट्या समुद्रापार न्याव्या लागत नसत.

यातला बारकावा भावात आहे. जुन्या रिवाजाने एक पौंड म्हणजे 4.44 डॉलर धरत आणि त्यावर शेकडा किती चढ आहे ते सांगत. साडेनऊ टक्के चढ म्हणजे सुमारे 4.87 डॉलर, ही खरी बरोबरी. कापूस बंदरात यायला लागला की हुंड्या मुबलक होत आणि पौंड उतरे. उन्हाळ्यात हुंड्या आटत आणि पौंड चढे. ज्याचं देणं नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये उभं राही, त्याला तेच बीजक महागात पडे. एक भाऊ दक्षिणेत कापूस घेतोय आणि दुसरा न्यूयॉर्कला बसलाय, अशा घराला हुंडी कधी विकावी, कधी धरून ठेवावी हे दोन्हीकडून दिसे. लेहमननी 1858 मध्ये न्यूयॉर्कला कचेरी उघडली, आणि 1870 मध्ये न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंज हा कापसाच्या सौद्यांचा बाजार उभा राहिला तेव्हा ते घर त्यात पुढे होतं. आमच्या मते या सगळ्या व्यापाराचं खरं भांडवल म्हणजे उधारीची मुदत. घेतलेला माल फेडायची तारीख आणि विकलेल्या मालाचे पैसे यायची तारीख, यांच्यातलं अंतर ज्याला सांभाळता आलं तो टिकला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. हा कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. लेहमन कुटुंबानेही गुलाम बाळगले होते. उधारी, हुंडी, नफा यांचे आकडे मांडताना त्या माणसांचे कष्ट हिशोबाबाहेर ठेवले, तर हिशोब खोटा ठरतो.

प्रश्न : जुन्या कागदांत कापूस कुठे खंडीत, कुठे गाठीत, कुठे पौंडात असतो. तुलना जमत नाही. (तेच वाचक)

उत्तर : मुंबईची खंडी 784 पौंडांची. किलोत ती 355.6 होते, म्हणजे आज बाजारात 356 किलोची जी खंडी बोलतात तीच. मुंबईहून जाणारी दाबलेली गाठ साधारण अर्ध्या खंडीची, 392 पौंडांची. अमेरिकन गाठ त्याहून मोठी, 1860 च्या सुमारास साडेचारशे पौंडांच्या आसपास. त्यामुळे ‘इतक्या गाठी’ असा आकडा दिसला की ती कुठली गाठ हे आधी पाहा, नाहीतर चौदा-पंधरा टक्क्यांची चूक होते. आजची आपली 170 किलोची गाठ तर तिसरीच.

भावाचा अंदाज असा. युद्धाआधी लिव्हरपूलला मध्यम प्रतीचा अमेरिकन कापूस पौंडाला 6-7 पेनी होता, 1864 मध्ये तो 25 पेनीच्या वर गेला. चलनातला एक पौंड 240 पेनींचा. 7 पेनीने एका खंडीचे 5,488 पेनी, म्हणजे 22 पौंड 17 शिलिंग 4 पेनी. 25 पेनीने 81 पौंड 13 शिलिंग 4 पेनी. तेव्हा एका पौंडाचे साधारण 10 रुपये धरले तर 229 रुपयांची खंडी 817 रुपयांवर गेली. हा हिशोब अमेरिकन प्रतीचा. हिंदुस्थानी कापूस याहून नेहमी खाली विकला जाई, कारण धागा आखूड आणि गाठीत सरकी, पाचोळा, धूळ जास्त. तेजीत भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. युद्धाच्या त्या वर्षांत जळगाव खानदेशातली कापसाची मोठी पेठ होती, त्यामुळे 1865 मध्ये भाव कोसळले त्याचा फटकाही तिला मोठा बसला.

प्रश्न : लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला माल मागवायचा तर प्रत्यक्ष काय काय करावं लागे? जकातीचा हिशोब कसा होई, आणि व्यापारी बुडायचा कुठे? (वाणिज्य शाखेच्या प्राध्यापिका, धुळे)

उत्तर : पहिलं काम वेळेचं. खेड्यापाड्यांतले दुकानदार वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, खरेदीला न्यूयॉर्कला येत. त्या आठवड्यांत माल गोदामात हवा. शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला पत्र जायला तीन-साडेतीन आठवडे लागत. परतीला वारा समोरून, म्हणून पाच-सहा आठवडे, हिवाळ्यात आणखी. मधे माल जमवून बांधायला लागणारे दिवस धरले तर ऑर्डर हंगामाच्या किमान चार-पाच महिने आधी जायला हवी. 1818 पर्यंत जहाज भरलं की सुटे. त्या वर्षी ब्लॅक बॉल लाइनने ठरल्या तारखेला, भरो न भरो, जहाज सोडायला सुरुवात केली आणि आयातदाराला पहिल्यांदा पंचांग मांडता आलं.

मालाबरोबर दोन कागद महत्त्वाचे, बीजक आणि जहाजाची बिल्टी. बीजकात पेटीगणिक खुणा, नग, लांबी, भाव, बांधणीचा खर्च आणि दलाली. 1863 च्या कायद्यानंतर बीजकाच्या तीन प्रती माल निघाला तिथल्या अमेरिकन वाणिज्यदूताकडून प्रमाणित करून घ्याव्या लागत. एक प्रत आयातदाराकडे, एक दूताकडे, एक थेट बंदराच्या कस्टम अधिकाऱ्याकडे. यामुळे वाटेत बीजक बदलणं अवघड झालं.

न्यूयॉर्कला आल्यावर आयातदार कस्टम हाउसमध्ये शपथेवर नोंद करी. प्रत्येक बीजकातली किमान एक पेटी आणि दर दहांतली किमान एक पेटी मूल्यमापकांकडे उघडायला जाई. बाकीचा माल अंदाजी जकात भरून सोडवता येई.

आता आकडे. 1846 च्या ‘वॉकर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जकात कायद्यात सुती कापडावर 25 टक्के आणि लोकरी कापडावर 30 टक्के जकात होती, आणि ती मालाच्या किमतीवर होती, वजनावर नाही. जकातीसाठी पौंड 4.84 डॉलरचा धरत. समजा 1,000 पौंडांचं छापील सुती कापड आलं. किंमत 4,840 डॉलर, जकात 1,210 डॉलर. मूल्यमापकाने तीच किंमत 5,000 ठरवली तर जकात 1,250, फरक सोसण्यासारखा. पण मूल्यमापकाची किंमत जाहीर किमतीपेक्षा 10 टक्के किंवा जास्त वर गेली, इथे 5,324 किंवा त्याहून वर, की मूल्यमापित किमतीवर आणखी 20 टक्के दंड. किंमत 5,400 ठरली तर जकात 1,350 आणि दंड 1,080, मिळून 2,430 डॉलर. म्हणजे ठरवलेल्या जकातीच्या दुप्पट. यात सगळेच लबाड नसत. बीजकातली किंमत खरेदीच्या दिवसाची असे आणि 1851 पासून कायदा माल निघतानाची बाजारातली किंमत मागे. मधल्या काळात मँचेस्टरला भाव चढले असतील तर प्रामाणिक बीजकही कमी किमतीचं ठरे. म्हणून कायद्यानेच नोंदीच्या वेळी आयातदाराला आपणहून किंमत वाढवून लिहायची मुभा दिली होती, आणि सावध माणूस ती वापरत असे.

जकात कधी भरायची यावर तर अनेकांचं नशीब ठरलं. 1842 पर्यंत जामीन देऊन जकातीसाठी काही महिन्यांची मुदत मिळे. माल विकून पैसे वापरायचे आणि मग सरकारचे द्यायचे, म्हणजे सरकारी जकात हेच खेळतं भांडवल. 1842 पासून रोख भरणा आला आणि लहान आयातदारांची कोंडी झाली. 6 ऑगस्ट 1846 च्या कायद्याने बाँडेड गोदामं आली. माल सरकारी कुलपात ठेवायचा, भाडं आणि हमाली आपली, जकात मात्र पेटी बाहेर काढताना. 40 पेट्यांतल्या 5 विकल्या तर 5 चीच जकात. बेताच्या भांडवलावर चालणाऱ्या नव्या पेढ्यांना या सोयीचा मोठा आधार झाला असणार, असं आम्हाला वाटतं.

बुडण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. जहाज उशिरा आलं की हंगाम हुकला आणि लाल-पिवळं छापील कापड पुढच्या वर्षी जुनं झालं. तळाच्या पेट्यांत पाणी शिरलं की कापडाला बुरशी, आणि नुकसानीची मागणी मुदतीत केली नाही तर जकात पूर्ण मालाची. 1815 नंतर ब्रिटिश गिरण्यांनी साठलेला माल थेट न्यूयॉर्कच्या लिलावात ओतला, तेव्हा ठरल्या भावाने मागवणारे आयातदार आपल्याच मालापेक्षा स्वस्त माल शेजारी विकला जाताना पाहत राहिले. आणि 1866 मध्ये अटलांटिकखालून तार चालू होईपर्यंत लिव्हरपूलचा भाव जहाजाइतक्याच वेगाने कळे.

प्रश्न : या ज्यू व्यापाऱ्यांतले इतके लोक फेरीवाले म्हणून का सुरुवात करत? गाठोड्यात काय असे? (चोपडा)

उत्तर : बव्हेरियाच्या 1813 च्या फर्मानाने प्रत्येक गावात किती ज्यू कुटुंबं राहतील याची यादी ठरवली होती. यादीतला क्रमांक सहसा थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना लग्न करून घर मांडायला परवानगी मिळणं दुर्घट. हा निर्बंध 1861 मध्ये उठला, तोवर हजारो धाकटी मुलं समुद्रापार गेली होती. जमीन घ्यायला पैसा नाही, भाषा येत नाही. फेरीला दोन्ही लागत नसे. घाऊक दुकानदार, बऱ्याचदा आपल्याच मुलखातला, गाठोडं उधार भरून देई.

गाठोड्यात सुया, दोरा, गुंड्या, फिती, लेस, कंगवे, रुमाल, चष्मे, थोडं कापड. वजनाला हलका आणि नफ्याला जड असा माल वर, कापड खाली. मुरलेला फेरीवाला पाठीवर 100 ते 150 पौंड, म्हणजे 45 ते 68 किलो वाहत असे. पुढची पायरी घोडागाडी, मग घड्याळं-दागिन्यांची पेटी, मग चार रस्ते मिळतात तिथे दुकान. ॲडम गिंबेलने 1842 मध्ये इंडियाना राज्यात व्हिन्सेन्सला असंच दुकान टाकलं, आणि त्यातून पुढे मोठी दुकानसाखळी झाली.

चुका कुठे होत? अनेक राज्यांत फेरीचा परवाना लागे आणि तो त्या हद्दीपुरताच. नदी ओलांडून पलीकडे विकायला गेला की दंड, प्रसंगी माल जप्त. दुसरं, उधारी. शेतकऱ्याला नाही म्हटलं तर दार बंद, हो म्हटलं तर वसुलीला त्याच वाटेने पुन्हा यावं लागे आणि घाऊकवाला तारखेला दारात उभा. शनिवारी शब्बाथ पाळून फेरी बंद आणि रविवारी कायद्याने दुकानं बंद, त्यामुळे धर्म पाळणाऱ्याला आठवडा पाच दिवसांचाच उरे.

या शिडीवरून आयातीपर्यंत चढलेलं घर म्हणजे सेलिग्मन. जोसेफ सेलिग्मन 1837 मध्ये आला, पेनसिल्व्हेनियात फेरी केली, भावांना बोलावलं, अलाबामात सेल्माला दुकान घातलं आणि 1846 मध्ये न्यूयॉर्कला आयातीची पेढी काढली. 1850 मध्ये जेसी हा भाऊ माल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिकडे सोन्यात पैसे मिळत. ते सोनं न्यूयॉर्कला येई आणि युरोपच्या मालाचं देणं त्यातून फिटे. यादवी युद्धात या पेढीने उत्तरेच्या सैन्याला गणवेश पुरवले आणि सरकारचे रोखे युरोपात विकले. पुढे ती बँक झाली.

प्रश्न : अमेरिकेची सगळी आयात ज्यूंच्या हातात होती आणि मागे रॉथशिल्डचा पैसा होता असं सर्रास ऐकतो. खरं काय? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : खरं नाही. 1840 मध्ये अमेरिकेची लोकसंख्या 1 कोटी 70 लाख होती आणि ज्यू अंदाजे 15 हजार. 1860 मध्ये 3 कोटी 14 लाखांत दीड लाख. न्यूयॉर्कच्या मोठ्या आयातदारांत न्यू इंग्लंडहून आलेले प्रोटेस्टंट आणि ब्रिटिश पेढ्यांचे प्रतिनिधी भरलेले होते. ब्लॅक बॉल लाइन काढणारे प्रमुख व्यापारी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. कापडाच्या आयातीतलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव ए. टी. स्टुअर्ट, तो आयर्लंडचा प्रोटेस्टंट. रॉथशिल्ड या युरोपातल्या ज्यू बँकर घराण्याचा न्यूयॉर्कमधला प्रतिनिधी ऑगस्ट बेलमॉन्ट 1837 पासून होता हे खरं, पण तो बँकेचा धंदा. सुयांचं गाठोडं उधार घेणाऱ्या पोरापर्यंत तो पैसा पोचत नव्हता.

ज्यू व्यापारी काही ठरावीक मालांत मात्र ठळक दिसतात. तयार कपडे, दागिने, घड्याळं, लेस, चिनी मातीची भांडी. शतकाच्या सुरुवातीला तांब्यातही एक मोठं घर होतं. न्यूयॉर्कचा हार्मन हेंड्रिक्स इंग्लंडहून तांबं आणी, बोस्टनच्या पॉल रिव्हीअर या तांब्याच्या कारखानदाराशी त्याचा व्यवहार होता आणि न्यू जर्सीत बेलव्हिलला त्याने तांब्याचे पत्रे काढायचा कारखाना चालवला. ब्रिटनविरुद्धच्या 1812 च्या युद्धात त्याने सरकारी कर्जाला 40 हजार डॉलर दिले.

प्रश्न : कपबश्यांसारखा फुटणारा माल इतक्या लांब कसा आणत? (भांड्यांच्या दुकानाच्या चालक, अमळनेर)

उत्तर : लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात पेंढा भरून. बश्या-ताटल्या आडव्या रचल्या तर वरचा भार खालच्या नगांवर येऊन त्या तडकतात, म्हणून त्या कडेवर उभ्या आणि घट्ट. पोकळ भांड्यांच्या आत पेंढा, नाहीतर हिसक्याला कान आणि तोट्या जातात. पेंढा सैल राहिला की प्रवासात बसतो आणि वर मोकळी जागा होते, सगळं नुकसान तिथून सुरू. खरेदीच्या हिशोबात फूट धरूनच नगाचा भाव काढावा लागे.

या धंद्यातलं पाहण्यासारखं घर स्ट्रॉस. लाझारस स्ट्रॉस 1852 मध्ये आला, जॉर्जिया राज्यात टॉलबटनला दुकान घातलं, युद्धानंतर कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि चिनी माती-काचेच्या आयातीची पेढी काढली. 1874 मध्ये त्यांनी मेसी या मोठ्या दुकानाच्या तळघरातली जागा घेऊन स्वतःचा माल तिथे मांडला. मेसीचा नियम रोखीचा. आयातदार घाऊकवाल्याला, तो खेड्यातल्या दुकानदाराला आणि तो गिऱ्हाइकाला महिनोन्‌महिने उधार देई, ती सगळी साखळी इथे गळून पडली. पेटी उघडली आणि त्याच आठवड्यात रोकड. 1888 मध्ये स्ट्रॉस मेसीचे भागीदार झाले आणि 1896 मध्ये पूर्ण मालक.

प्रश्न : जनरल ग्रँटने ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता का? (नंदुरबार)

उत्तर : होय. ग्रँट हा यादवी युद्धातला उत्तरेचा सेनानी, आणि हुकूम म्हणजे त्याचा 17 डिसेंबर 1862 चा जनरल ऑर्डर क्रमांक 11. ग्रँटच्या ताब्यातल्या टेनेसी विभागातून ‘एक वर्ग म्हणून’ सर्व ज्यूंनी हुकूम मिळाल्यापासून 24 तासांत निघून जावं, असा. निमित्त कापसाचं. दक्षिणेत कापूस पडून होता, उत्तरेच्या गिरण्यांना हवा होता, परवान्याने थोडा व्यापार चाले आणि चोरटा भरपूर. त्यात सर्व धर्मांचे लोक होते, लष्करी अधिकारीही होते. ग्रँटचे वडील स्वतः सिनसिनाटीच्या एका ज्यू पेढीबरोबर भागीदारी करून परवान्यासाठी मुलाकडे आले होते. शिक्षा मात्र एका समाजाला. केंटकीतल्या पडूका गावच्या सीझर कास्केल या व्यापाऱ्याने वॉशिंग्टन गाठलं, राष्ट्राध्यक्ष लिंकनची भेट घेतली आणि जानेवारी 1863 च्या पहिल्या आठवड्यात हुकूम रद्द झाला.

प्रश्न : ओळख नसलेल्याला उधार द्यायची तर पत कशी तपासत? (पारोळा)

उत्तर : 1837 च्या मंदीत रेशमाचे मोठे आयातदार टॅपन बुडाले. त्यांच्यातल्या लुइस टॅपनने 1841 मध्ये न्यूयॉर्कला मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वकील-दुकानदार माहिती पाठवत, कारकून ती जाड वह्यांत उतरवत आणि वर्गणीदार व्यापारी कचेरीत येऊन ऐकत. नोंदीत वय, भांडवल, स्थावर, दारू पितो का, देणी वेळेवर देतो का. नाव ज्यू असलं तर ते वेगळं लिहिलं जाई, आणि व्यवहार चोख असूनही ‘जपून’ असा शेरा पडे. एक अडचण खरी होती. भांडवल सासऱ्याचं, माल मेहुण्याचा, दुकान आपल्या नावावर, अशा व्यवस्थेत बाहेरच्याला स्वतःची मिळकत किती हे कळत नसे. पण ती व्यवस्था झाली कशामुळे? बाहेर उधार मिळत नव्हतं म्हणूनच पैसा नात्यातून उभा राहत होता.

नात्यातल्या उधारीचे धोकेही नात्यातलेच. एकाने दुसऱ्याच्या हुंडीवर सही केलेली असे, त्यामुळे 1857 आणि 1873 सारख्या मंदीत एक दुकान बसलं की मागे दोन-तीन घरं हलत. भागीदारी मोडली तर लग्नसंबंध ताणले जात. शहाणी घरं म्हणूनच भागीदारीचा करार ठरावीक वर्षांचा करत आणि मुदत संपली की साठ्याची मोजदाद करून नव्याने लिहीत.

प्रश्न : जीन्सवाला लेव्ही स्ट्रॉस डेनिम परदेशातून आणायचा का? (विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर : नाही. सुरुवातीच्या जीन्सचं डेनिम न्यू हॅम्पशायर राज्यातल्या अमोस्केग गिरणीचं. लेव्ही स्ट्रॉस 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला कापड आणि किरकोळ वस्तूंचा घाऊक व्यापारी म्हणून गेला. न्यूयॉर्कचे भाऊ माल पाठवत, तो पनामाच्या भूमार्गाने किंवा दक्षिण अमेरिकेला वळसा घालून येई. खिशांना तांब्याचे रिव्हेट मारायची कल्पना रेनोच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. दोघांना मिळून 20 मे 1873 रोजी पेटंट मिळालं. मेसीवाले स्ट्रॉस वेगळे, त्यांचा आणि याचा घोळ करू नये.

प्रश्न : मुंबईचे ससून किंवा कोकणातले बेने इस्राएल यांचा या व्यापाराशी संबंध होता का? (धुळे, चोपडा)

उत्तर : बेने इस्राएलांचा नाही. हे ज्यू कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. ससून बगदादचे ज्यू. डेव्हिड ससून 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले. त्यांचा मुख्य व्यापार चीनकडे, अफू आणि कापूस-कापडाचा, आणि नंतर लंडनकडे. अमेरिकन युद्धात मुंबईचा कापूस चढला तेव्हा त्यांना फायदा झाला, 1875 मध्ये कुलाब्याला ससून डॉक बांधला गेला. पद्धत मात्र तिकडच्यासारखीच, एकेक मुलगा एकेका बंदरात. बगदादी घरांची पत्रं अरबीत पण हिब्रू लिपीत असत. खानदेशातल्या जुन्या पेढ्यांच्या दप्तरात ससून किंवा दुसऱ्या मुंबईच्या निर्यातदाराचं कापसाचं बीजक सापडलं, तर त्यात तीन गोष्टी आधी पाहा : खंडीचा भाव, प्रतीचं नाव आणि हुंडीची मुदत. या तिन्ही एकत्र असतील तर तो सौदा लिव्हरपूलच्या त्या आठवड्याच्या भावाशी ताडून पाहता येतो.